वापरात नसलेली वाणी

“कराडहून फोन आहे. पूर्ण नाव सांगून मागतायत,” रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं आणि मी काही विचारायच्या आत तिने तो जोडून दिला.

“नमस्कार. वसुंधरा टिळेकर मॅडम बोलताहेत का?” आवाज पुरुषाचा, पन्नाशीपुढचा, रेडिओवर असतो तसा स्वच्छ.

“हो. आपण?”

“मी इलाही मुजावर. ‘पालवी’ची तक्रार-खिडकी सांभाळणाऱ्या टिळेकर आपणच ना? सकाळपासूनची पुण्यातली ही चौदावी कंपनी आहे मॅडम, म्हणून आधी खात्री करून घेतो.”

“मीच. पण माझा इथला नंबर तुम्हाला—”

“तुमच्या उत्तराखाली नाव होतं. नाव असलं की नंबर मिळतोच. बावीस वर्षं साखर कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होतो मी. मॅडम, तक्रार क्रमांक चारशे बारा. आवाज गेलाय.”

मला काही आठवेना. मग आठवलं. ‘आवाज गेला’ एवढे दोनच शब्द होते त्या तक्रारीत. मी उत्तर पाठवलं होतं, की आवाज कमी केलेला नाही ना ते पाहा आणि स्क्रीनचं चित्र जोडा.

“आम्ही काही पाठवू शकलो नाही,” ते म्हणाले. “आज सकाळी पत्र आलं, की सात दिवसांत माहिती न मिळाल्यामुळे तक्रार बंद करण्यात आली आहे. म्हटलं, आता फोनच करावा.”

“स्पीकर तपासलात का?”

“स्पीकर चांगले आहेत. गाणी वाजतात. बोलणारा गेलाय मॅडम. वाणी गेली. आमची पाच मशीन आहेत, पाचही नऊ दिवस मुकी आहेत. इथं सात मुलंमुली शिकतात. कुणालाच दिसत नाही. मलाही नाही.”

मी टेबलावरची पेन्सिल उगाचच उभी करून ठेवली.

‘पालवी’ म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. ती मराठीतली संगणक-प्रणाली होती. मालक कुणी नाही, फुकट, आणि आतलं सगळं कुणालाही उघडून पाहता येईल, बदलता येईल अशी. आम्ही अकरा जण आपापल्या नोकऱ्या सांभाळून ती चालवायचो. प्रणालीतली प्रत्येक सोय एकेका पॅकेजमध्ये बांधलेली असायची. लिहिण्याचं पॅकेज, छपाईचं पॅकेज, आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं ‘वाणी’ नावाचं पॅकेज. ही पॅकेजेस आणायची, लावायची, काढायची यंत्रणा माझ्याकडे होती. लोकांनी इंटरनेटवरून तक्रारी नोंदवायची तक्रार-खिडकीही माझीच. त्या वर्षी, म्हणजे २०१० साली, मी सव्वीस वर्षांची होते आणि या दोन्ही गोष्टींचा मला फार अभिमान होता.

“सोमवारी आमच्या एका मुलीची टायपिंगची परीक्षा आहे,” मुजावर सर सांगत होते. “एका पतसंस्थेत जागा निघालीय. मशीन बोलल्याशिवाय तिला आपण काय टाइप केलं ते कळत नाही. तर काही करता येईल का, एवढंच विचारायला फोन केला.”

मी तोवर समोरच्या संगणकावर ‘पालवी’च्या शेवटच्या अपडेटची यादी उघडली होती. तिसऱ्या ओळीवर माझी नजर अडकली. नंतर मी खात्री करून घेतली, पण खरं तर ती ओळ बघताच मला कळलं होतं.

ते अपडेट माझं होतं. त्यात मी ‘सफाई’ नावाची सोय घातली होती. लोकांच्या संगणकात पॅकेजेस साचत जातात आणि मशीन जड होतं, म्हणून साठ दिवसांत ज्या पॅकेजला कुणी हात लावला नाही ते सफाई आपोआप काढून टाकायची. हात लावला नाही म्हणजे कुणी क्लिक करून उघडलं नाही. वाणीला कुणी कधी क्लिक करत नसे. मशीन सुरू झालं की ती आपली आपण बोलायला लागायची आणि बंद होईपर्यंत बोलत राहायची. माझ्या हिशेबात ती वापरात नसलेली होती.

“मी येते,” मी म्हणाले.

“कुठं?”

“कराडला. उद्या येते.”

मग ते म्हणाले, “स्टँडवर उतरलात की शनिवार पेठेत इस्त्रीचं दुकान विचारा. त्याच्यावरच आम्ही आहोत.”

संध्याकाळी मी नंदन फणसळकरांना फोन केला. ‘पालवी’ त्यांनी सुरू केली होती. इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायचे, शांत माणूस.

“अगं, जायचं कशाला?” ते म्हणाले. “दुरुस्ती बनव, पाठवून दे. त्यांच्यातलं कुणीतरी लावेल.”

“लावणार कसे? मशीन बोलत नाहीये.”

“हं. वाणी बनवणारा मुलगा तर परदेशी गेला. दोन वर्षं तिला कुणी हात लावलेला नाही. बघ बाई. आणि हे मनाला लावून घेऊ नकोस, चुका सगळ्यांकडून होतात.”

ते चांगल्या मनाने म्हणाले होते. पण त्या क्षणी मला फक्त एकच वाटत होतं, की कराडच्या त्या माणसाला ही चूक कुणाची ते कळू नये.

*

इस्त्रीच्या दुकानाशेजारून एक अरुंद जिना वर जात होता. मी अर्ध्या जिन्यात असतानाच वरून एका बाईचा आवाज ऐकू आला. आवाज कसला, घसा पार बसलेला होता.

“क... ला... काना... का. पुढं मोकळी जागा. आता म. नाही, तू न दाबलास. खोड. हां, आता म.”

वर एक लांबट खोली होती. पाच संगणक, प्रत्येकासमोर एकेक जण, दोघे भिंतीला टेकून आपली पाळी येण्याची वाट बघत. आणि पन्नाशीच्या एक बाई पदराने घाम पुशीत या मशीनवरून त्या मशीनकडे जात होत्या. जिथे उभ्या राहतील तिथल्या पडद्यावर दिसेल ते वाचत होत्या. एकीचं वाचून होईपर्यंत दुसरा कुणीतरी हात वर करून थांबलेला असायचा.

“आलात!” खुर्चीवरून एक उंच गृहस्थ उठले. पांढरा सदरा, इस्त्री कडक. डोळ्यांवर चष्मा नव्हता, चेहऱ्यावर देवीचे वण होते. “या या. ही माझी मिसेस, शमा. नऊ दिवस... आज दहावा, दहा दिवस हीच आमची वाणी आहे. सातवीपर्यंत शिकलीय, मराठी फर्डं वाचते. फक्त पाच जणांसाठी एका वेळेला वाचता येत नाही तिला.”

शमाभाभींनी घशाकडे बोट दाखवून हात जोडले आणि पुन्हा पहिल्या मशीनकडे वळल्या. तिथे बसलेली मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. घट्ट वेणी, मान किंचित डावीकडे कललेली, बोटं भराभर चालत होती. परीक्षा असलेली चांगुणा मदने ती हीच. माण तालुक्यातली, धनगराची. घरी मेंढरं आणि एक थोरला भाऊ. त्याने तिला वर्षभराची मुदत दिली होती. वर्षात काही झालं तर झालं, नाहीतर परत ये, असं सांगून तो तिला इथे सोडून गेला होता. हे मला सरांनी तिच्या देखतच सांगितलं आणि तिने हसून मान हलवली, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं होतं.

“किती होतात मिनिटाला?” मी तिला विचारलं.

“वाणी होती तवा एकतीस-बत्तीस व्हायचे, ताई. तीस लागत्यात. आता चुकतंय कुठं तेच कळंना. भाभी माझ्यापशी येईपातूर चार शब्द पुढं गेलेली असते मी.”

मी एका मशीनवर बसले. जुनी वाणी सीडीवर आणली होती. वाटलं होतं, तासाभरात होईल. सीडी घातली, पॅकेज लावलं आणि त्याने नकार दिला. वाणीला ज्या जुन्या फाइलींचा आधार लागायचा, त्या माझ्याच अपडेटने बदलून टाकल्या होत्या. मागे जायचा रस्ताही नव्हता, कारण सफाईने मशीनमध्ये राहिलेल्या जुन्या प्रतीसुद्धा पुसल्या होत्या. एवढं चोख काम मी केलं होतं. वाणीच उघडून, आतून बदलून, नव्या फाइलींशी जुळवून घ्यावी लागणार होती. दुसऱ्याने लिहिलेलं, दोन वर्षं कुणी न पाहिलेलं काम.

मुजावर सर स्टूल ओढून शेजारी बसले. मी टाइप करत होते तेव्हा ते कान देऊन ऐकत होते.

“काय झालं होतं नक्की?” त्यांनी विचारलं.

“अपडेटमध्ये थोडी गडबड झाली,” मी म्हणाले.

“अस्सं.”

एवढंच. पुढे काही विचारलं नाही. मी पडद्यातून मान वर काढली नाही.

दुपारी शमाभाभी मुलांना जेवायला घेऊन खाली गेल्या. खोलीत आम्ही दोघंच उरलो. सर म्हणाले, “मॅडम, पाच मिनिटं काम बाजूला ठेवता? एक बघायचं होतं मला. म्हणजे, तुम्हीच बघायचं होतं.”

“सांगा ना.”

“पडदा बंद करा. मशीन चालू राहू द्या, नुसता पडदा बंद करा. आणि तुमच्या तक्रार-खिडकीत एक तक्रार नोंदवून दाखवा.”

मला हसू आलं. ती खिडकी माझ्या हातची होती, तिचा कोपरा न् कोपरा मला पाठ होता. मी पडद्याचं बटण दाबलं. काळं झालं. मी टॅबची कळ किती वेळा दाबली की कुठे पोचतो ते मोजत पुढे गेले. नावाची चौकट. मग विषयाची, असं मला वाटलं. लिहिलं. मग अर्ज पुढे सरकला की नाही ते कळेना. पुन्हा मागे आले. आता मी कुठे होते? मी तीच कळ दाबत राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, तेवढाच आवाज.

“वेडीवाकडी अक्षरं आली का?” सरांनी शांतपणे विचारलं.

ती अक्षरं मीच घातली होती. अर्ज भरणारा माणूसच आहे, यंत्र नाही, हे ओळखायला एका चित्रात मोडकी इंग्रजी अक्षरं यायची आणि ती वाचून लिहावी लागायची. ज्याला दिसत नाही त्याला ती वाचता येणार नाहीत, म्हणजे माझ्या खिडकीच्या लेखी तो माणूसच नव्हता.

मी पडदा पुन्हा सुरू केला. माझी तक्रार नावाच्या चौकटीत पडली होती आणि अर्ज गेलेलाच नव्हता.

“मग तुम्ही कशी नोंदवलीत?” मी विचारलं.

“शमानं. इंग्रजी तिचं बेताचंच. सातव्या खेपेला ती अक्षरं जमली तिला. तोवर लिहिलेलं सगळं पुसलं जायचं, म्हणून शेवटी दोनच शब्द लिहिले. मग तुमचं उत्तर आलं, चित्र जोडा.” ते हसले. त्या हसण्यात खरंच राग नव्हता. “आम्ही दोघांनी पुष्कळ विचार केला. गप्प बसल्याचं चित्र कसं काढतात मॅडम?”

मी कामाला लागले.

*

रात्री त्यांच्याच घरी झोपले आणि शनिवारी सकाळी सातला पुन्हा मशीनसमोर बसले. अकराच्या सुमाराला पहिल्या संगणकाने खरखर केली, एक शिट्टीसारखा आवाज काढला आणि म्हणाला, “पालवी. आपले स्वागत आहे.”

यंत्राचाच तो आवाज. चपटा, नाकात बोलणारा. पण खोलीतले सगळे एकदम उभे राहिले. भिंतीशी बसलेल्यांपैकी एकाने टाळी वाजवली. चांगुणा हाताने चाचपत आली, मला खुर्चीवरून जवळजवळ ढकलूनच बसली आणि तिने लिहायला सुरुवात केली. वाणी एकेक अक्षर तिच्या बोटांमागून म्हणत गेली. चांगुणा मध्येच थांबली, एक अक्षर खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पुढे निघाली.

शमाभाभी त्या खुर्चीमागे आपल्या सवयीने उभ्या होत्या, वाचायला तोंड उघडून. मग त्यांच्या लक्षात आलं. त्या हळूच मागे सरल्या, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. बाकीची चार मशीनं बोलती होईपर्यंत त्या तशाच बसून होत्या.

दुपारी त्यांच्या घरी जेवायला बसलो. भाकरी, चुक्याची भाजी, वर भाभींनी आग्रहाने वाढलेला खिमा. दुसऱ्या घासाला मला राहवेना.

“सर, एक सांगायचंय. ती सफाई मी लिहिली. वाणी माझ्यामुळे गेली.”

“माहीत आहे,” ते म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

“माहीत आहे?”

“पहिल्याच दिवसापासून. अपडेटबरोबर यादी येते ना, काय काय बदललं त्याची. शमाकडून वाचून घेतली. ‘सफाई, वापरात नसलेली पॅकेजेस आपोआप काढणे, वसुंधरा टिळेकर.’ त्यानंतर आमच्या तक्रारीला उत्तर आलं, त्याच्याखाली पण वसुंधरा टिळेकर. म्हटलं, बरं झालं, एकच नंबर फिरवायचा.”

माझे कान तापले. “मग फोनवर बोलला का नाहीत? काल मी गडबड झाली म्हणाले, तेव्हाही गप्प बसलात.”

“बावीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसलो मॅडम. माणूस फोन कधी आपटतो ते मला पक्कं ठाऊक आहे. त्याला म्हणा, चूक तुझी आहे, की खटकन लाइन कट. साहेब असो, शिपाई असो. आणि मला तर लाइन चालू ठेवायची होती. सोमवारी पोरीची परीक्षा.”

मी भाकरीचा एक तुकडा मोडला.

“एक मात्र विचारायचं होतं,” ते म्हणाले. “वापरात नसलेली, हे तुम्ही ठरवलंत कसं?”

मी सांगितलं. साठ दिवस, क्लिक, सगळं. सरांनी मान हलवत ऐकलं. तेवढ्यात सकाळपासून न बोललेल्या शमाभाभी बसक्या घशाने म्हणाल्या, “साठ दिवस? मला तर लग्न झाल्यापासून कुणी क्लिक केलेलं नाही. मी पण निघाले असते की.”

सरांना ठसका लागला. इतके हसले, की मला उठून पाणी द्यावं लागलं. मीही हसले, आणि हसता हसता रडायला लागले. भाभींनी नुसताच माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ताटात आणखी एक भाकरी टाकली.

*

सोमवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“सत्तावीस,” ते म्हणाले. “तीन शब्द कमी पडले. बोटं अडखळली तिची. अकरा दिवसांचा खंड पडला ना.”

“चांगुणा कशी आहे?”

“ठीक आहे म्हणते. भाऊ रविवारी न्यायला येतोय. वर्ष भरलं.”

मी त्या रात्री पत्र लिहिलं. साधं, कागदावर, टपालानं जाणारं. भावाचं नाव आणि पत्ता सरांकडून घेतला. धोंडिराम मदने. मी लिहिलं, की तुमच्या बहिणीचा वेग बत्तीस होता. परीक्षेच्या आधी अकरा दिवस तिचं मशीन मुकं झालं होतं, आणि ते मी मुकं केलं होतं. मी इंजिनीअर आहे, पगारदार आहे, आणि ही चूक माझी आहे हे सही करून लिहून देते. तिला आणखी सहा महिने द्यावेत. खाली सही, पत्ता, फोन. फणसळकरांना सांगितलं असतं तर त्यांनी अडवलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

रविवारी धोंडिराम आला, हे मला नंतर सरांकडून कळलं. जिन्यावरून वर आला तो पत्र हातात घेऊनच. गावात कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं, तरी सरांच्या बायकोला म्हणाला, परत वाचा. भाभींनी वाचलं. त्याने पत्राची घडी करून खिशात घातली. मग म्हणाला, “पुण्याची शिकलेली बाई आपली चूक हाय म्हणून लिहून देती. म्हंजे आमच्या पोरीत कायतरी असणार.” बहिणीसाठी आणलेली बाजरीची पिशवी ठेवली आणि एकटाच परत गेला.

ते सहा महिने मी दर रविवारी सकाळी कराडला फोन लावायचे. पहिल्यांदा सफाई मोडून पुन्हा लिहिली. आता ती कुणी काय क्लिक केलं ते बघत नव्हती, काय चालू आहे ते बघायची, आणि काही काढायच्या आधी नाव घेऊन विचारायची. मग तक्रार-खिडकी. वेडीवाकडी अक्षरं काढली. चित्र मागणं काढलं. सात दिवसांनी तक्रार बंद करणंही काढलं. नवी खिडकी बोलून तीनच प्रश्न विचारायची. काय करत होता, काय व्हायला हवं होतं, काय झालं. प्रत्येक पायरी आधी सर पडदा बंद करून चालून बघायचे आणि मग फोनवर मला सांगायचे.

“मॅडम, तुमच्या दुसऱ्या प्रश्नानंतर ही बया अर्धा मिनिट गप्प बसते. बोर्डावर एवढं गप्प बसलो असतो तर मला काढून टाकलं असतं.”

“काय म्हणू देत तिला?”

“थांबा म्हणू दे. माणसाला एवढं पुरतं.”

फणसळकर साशंक होते. “अक्षरं काढलीस तर कचरा येईल, वसू. जाहिराती, वाट्टेल ते.”

“मी वेचीन,” मी म्हणाले. कचरा आला. वर्षानुवर्षं मी तो वेचला. फणसळकरांनीही पुढे वेचला, न सांगता.

सप्टेंबरात चांगुणाने दुसरी परीक्षा दिली. अडतीस शब्द. साताऱ्याला एका कार्यालयात लागली, अजून तिथेच आहे. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी तिघांनी मिळून मला फोन केला आणि तिघंही एकदम बोलत राहिले, त्यामुळे मला काहीच कळलं नाही. मुजावर सरांनी पुढच्या आठ वर्षांत त्या खिडकीतून एकशे चौदा तक्रारी नोंदवल्या, एकेक नेमकी. माझ्यानंतर पॅकेजेस सांभाळायला आलेली मुलं अजून त्या वाचून शिकतात.

पण मला अधूनमधून आठवतो तो त्या जुलैतला एक सोमवार. नवी खिडकी आम्ही आदल्या संध्याकाळी सगळ्यांसाठी उघडली होती. मी ऑफिसात पोचले, चहा घेतला आणि पाहिलं, तर एक तक्रार येऊन पडली होती. कुणाच्याही मदतीशिवाय, न बघता भरलेली पहिली. मी दार लावून वाचली.

काय करत होता? ‘माझं नाव लिहीत होते.’

काय व्हायला हवं होतं? ‘चांगुणा म्हणायला पाहिजे.’

काय झालं? ‘च्यांगुणा म्हणते.’

मी एकटीच मोठ्याने हसले. मग बसले. आपल्या लिपीत दोन्ही च सारखेच दिसतात. चंद्राचा च निराळा आणि चांदण्याचा निराळा, हे मराठी माणसाच्या कानाला कुणी शिकवावं लागत नाही, पण वाणीला ते कुणी सांगितलंच नव्हतं. नऊ दिवस लागले. मी शब्दांच्या याद्या वाचायचे, सर फोनवर प्रत्येक शब्द उच्चारून दाखवायचे, चार, चाक, चिमणी, चूक, आणि मागून शमाभाभी, घसा आता ठणठणीत, त्यांना दुरुस्त करायच्या. दहाव्या दिवशी नवी वाणी पाठवली आणि तक्रारीखाली विचारलं, दोष गेला का?

दुपारी उत्तर आलं.

‘गेला. तीनदा म्हणायला लावलं. भाऊ हाक मारतो तसं वाटलं. आता सरांचं बघा ताई. ती त्यांना मुजा, मग थांबून, वर असं म्हणते. ते स्वतःहून सांगायचे नाहीत.’